पहिली दहा मिनिटं: सुटलेलं वाचन परत कसं धरायचं

दोन वर्षांपूर्वी कपाट आवरताना अर्धवट राहिलेली ११ पुस्तकं निघाली. प्रत्येकात खूण घातलेली होती. सगळ्यात पुढे गेलेली खूण पान ३८ वर, बाकीच्या दहा त्याच्या अलीकडे. अकरा वेळा मी हौसेनं सुरुवात केली होती आणि अकराही वेळा जवळपास त्याच टप्प्यावर थांबले होते.

मी हिशेबाचं काम करते, दिवसभर स्क्रीनसमोर असते. शाळेत असताना पुस्तक हातात आलं की कुणी मारलेली हाकसुद्धा मला ऐकू यायची नाही. आता चार पानं होत नाहीत, म्हणजे आपलं डोकंच तसं राहिलं नाही, असं मी धरून चालले होते आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटायचं. त्या खुणा ओळीनं बघितल्यावर मात्र वेगळं काही लक्षात आलं. वाचण्याची ताकदच गेली असती तर मी कुठेही थांबले असते, कधी पान १२ वर, कधी १५० वर. मी दर वेळी सुरुवातीलाच अडखळत होते. तेव्हा दुरुस्ती सुरुवातीचीच करायची, असं ठरवलं. पुढे सांगतेय ते सगळं त्यातूनच आलेलं आहे.

आधी डोळे

चाळिशी ओलांडली असेल तर बाकी काही करण्याआधी डोळे तपासून घ्या. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं स्पष्ट दिसायला जोर लागतो. तो जोर आपल्याला ‘जोर’ म्हणून जाणवत नाही. डोकं जड होतं, झोप येते, तीच ओळ पुन्हा वाचावी लागते आणि आपण म्हणतो, लक्षच लागत नाही. माझे सहा महिने असेच गेले. जवळचा नंबर दीडचा निघाला. चष्मा आला त्या आठवड्यात माझी निम्मी तक्रार गेली. दिवाही बघा: उजेड पानावर पडायला हवा, डोळ्यांत नको. खांद्यामागून येणारा दिवा मला सगळ्यात सोयीचा पडतो.

पेन्सिल हातात घ्या

मग मी पेन्सिल घेऊन वाचायला बसले. मन भरकटलं की त्या ओळीशेजारी समासात एक ठिपका द्यायचा आणि आधीच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायचं. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर खूण म्हणून ठेवलेल्या कागदाच्या पट्टीवर ठिपके द्या. ठिपका देताना स्वतःवर रागवायचं नाही. आपण नोंद ठेवतोय, शिक्षा देत नाही. पहिल्या संध्याकाळी चार पानांत १४ ठिपके पडले.

आठवडाभरानं शेजारी घड्याळ ठेवलं आणि ठिपका कितव्या मिनिटाला पडतोय तेही लिहू लागले. त्यातून दिसलं ते मला आजही या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. ठिपक्यांची गर्दी पहिल्या दहा मिनिटांत होती. आठव्या मिनिटाच्या आसपास तर उठावंसंच वाटायचं. काहीतरी राहिलंय, कुणाचा तरी निरोप आला असेल, कपडे काढायचे आहेत. त्या वेळी उठले नाही, तर बाराव्या-तेराव्या मिनिटापासून ठिपके विरळ व्हायचे आणि विसाव्या मिनिटाला कधी कधी एकही नसायचा.

‘रोज दहा मिनिटं तरी वाचा’ हा सल्ला मी वर्षभर इमानानं पाळला होता. त्या वर्षात वाचनाचा फक्त अवघड भाग माझ्या वाट्याला आला. रोज चढ चढायचा आणि माथा दिसायच्या आधी मागे फिरायचं. अशानं गोडी लागणार कशी? म्हणून माझं सांगणं थोडं उलटं आहे: दिवस कमी असले तरी चालेल, पण बैठक २५ मिनिटांची हवी. आठवड्यातून चार-पाच बैठका पुरतात. सुरुवातीला २५ जमली नाहीत तर अठरा-वीस करा, पण दहावर उठू नका. आठव्या मिनिटाची ती तगमग ओळखीची झाली की तिचा जोर कमी होतो. मी तर ती आली की मनात म्हणते, आता चारच मिनिटं.

ही तगमग का होते, याचा अंदाज बांधता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनी लोक कामाच्या वेळी एका स्क्रीनवर किती वेळ टिकतात ते मोजलं. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडच्या मोजण्यांत ती ४७ सेकंदांच्या आसपास आली. पाऊण मिनिटात समोरचं बदलण्याची सवय दिवसभर घोटवलेल्या मनाला आठ मिनिटं एकाच गोष्टीत राहणं लांबलचक वाटणारच. हे मन बिघडलेलं नाही. त्याला तशी सवय झालीय, आणि सवय उलट दिशेनंही लागते.

बसण्याआधीची पाच मिनिटं

व्यवस्थापन शास्त्रातल्या संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, आणि ते काम अपुरं असेल तर जास्तच, असा त्याचा आशय. माझे ठिपके कशाकशाचे आहेत ते तपासलं तेव्हा हेच दिसलं. निम्म्याहून अधिक वेळा मन ऑफिसमधल्या न जुळलेल्या आकड्यांकडे गेलेलं असायचं. आता बसण्याआधी एका कागदावर राहिलेल्या गोष्टी लिहून काढते, प्रत्येकीपुढे ती उद्या कधी करणार तेही. कागद घडी घालून बाजूला ठेवते. पाच मिनिटं जातात, पण ठिपके उघड कमी होतात.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा करून शेजारी ठेवणं पुरेसं नाही, निदान मला तरी नाही. फोन नुसता जवळ असला तरी डोक्यावर त्याचा भार पडतो, असं २०१७ च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. पुढे तसाच प्रयोग करणाऱ्या सगळ्यांनाच ते आढळलं नाही, म्हणून मी त्यावर फार विसंबत नाही. माझं कारण साधं आहे: फोन हाताशी असला की आठव्या मिनिटाला हात तिकडे जातो, आणि दुसऱ्या खोलीत असला की उठावं लागतं. तेवढ्यात भान येतं. लेक परगावी असते, म्हणून फोनची रिंग चालू ठेवते, बाकी सगळे आवाज बंद. वेळ लावायला साधं गजराचं घड्याळ आणलं. वेळ बघायला फोन हातात घेतला की बैठक संपलीच, हा अनुभव मी पुष्कळदा घेतलाय. अडलेल्या शब्दाचंही तेच. त्याखाली बारीक रेघ मारा आणि पुढे चला, अर्थ नंतर बघा. बहुतेक शब्द पुढच्या दोन पानांत आपणहून उलगडतात.

रात्री अंथरुणात वाचायचा हट्ट मी सोडला. तिथे दोन पानांत झोप येते, दुसऱ्या दिवशी तीच दोन पानं पुन्हा, आणि पुस्तक महिनाभर जागचं हलत नाही. ज्यांना रात्री जमतं त्यांनी खुशाल वाचावं. मी कामावरून आले, हातपाय धुतले की बसते. ‘वेळ मिळाला की वाचेन’ म्हटलं तर तो मिळत नाही. अमुक झालं की वाचायला बसायचं, असं रोजच्या एखाद्या गोष्टीला वाचन जोडून टाकलं की रोज नव्यानं ठरवावं लागत नाही.

कुठलं पुस्तक?

इथे बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. इतकी वर्षं वाचलं नाही तर आता काहीतरी भारी वाचू, अशा विचारानं मी जाडजूड, गाजलेली पुस्तकं काढायचे. नव्या पुस्तकाची पहिली ३० पानं मुळातच कष्टाची असतात. माणसांची नावं, त्यांची नाती, जागा, लेखकाची लय, सगळं एकदम उचलायचं असतं. त्यात आपलं लक्ष अशक्त, म्हणजे दोन्हीकडून ओढाताण.

म्हणून पहिलं पुस्तक असं घ्या, जे तुम्ही पूर्वी वाचलंय आणि तुम्हाला अतोनात आवडलं होतं. तिथली माणसं ओळखीची असतात, वाट माहीत असते, आणि मन भरकटलं तरी हरवत नाही. मी चौदाव्या वर्षी वाचलेली एक रहस्यकथा काढली. गुन्हेगार कोण ते पहिल्या पानापासून माहीत होतं आणि तरी सहा बैठकांत पुस्तक संपवलं. किती दिवसांनी शेवटचं पान उलटलं होतं! डोळ्यांत पाणी आलं, ते गोष्टीमुळे नव्हे. तशी दोन पुस्तकं झाल्यावरच नवं घ्या, दीडशे-पावणेदोनशे पानांचं, गोष्ट पुढे ओढून नेणारं.

सवय सुटलेल्यांना लघुकथा वाचा असं सर्रास सांगितलं जातं. माझा अनुभव वेगळा आहे. दर कथेबरोबर नवी माणसं, नवी सुरुवात, म्हणजे तो चढ पुन्हा पहिल्यापासून. माझे ठिपके कथासंग्रहांत कादंबरीपेक्षा जास्त पडायचे. कथा मला फार प्रिय आहेत, पण त्यांच्याकडे मी चौथ्या-पाचव्या महिन्यात परतले आणि तेव्हा त्यांनी पूर्ण आनंद दिला.

खुणेसाठी जाड कागदाची पट्टी वापरा आणि पहिल्या ३० पानांत येईल त्या माणसाचं नाव तिच्यावर लिहा: कोण, कुणाचं कोण. ‘हा कोण होता?’ म्हणून मागे पानं चाळणं थांबतं. बैठक मोडताना प्रकरणाच्या शेवटी थांबू नका, एखादा प्रसंग चालू असताना थांबा. दुसऱ्या दिवशी आधीचं अर्धं पान पुन्हा वाचून सुरू करा. बंद दार ढकलण्यापेक्षा उघड्या दारातून शिरणं सोपं.

कागद की स्क्रीन? २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं दिसलं. नुसत्या गोष्टीच्या बाबतीत फरक आढळला नाही. त्यामुळे आनंदासाठी वाचणाऱ्यांनी ई-रीडरवर वाचायला हरकत नाही. अक्षर मोठं करता येतं ही तर मोठीच सोय. फोनवर मात्र नको, कारण ज्यातून सुटायचंय तेच तिथे बोटाच्या अंतरावर असतं.

किती दिवस लागतात

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून सवय कशी जडते ते पाहिलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मला साधारण तीन महिने लागले. २५ मिनिटांत माझी ११-१२ पानं होतात. पाच बैठका धरल्या तर आठवड्याला ६० पानं, म्हणजे अडीचशे पानांचं पुस्तक महिन्याभरात. एवढं पुष्कळ आहे.

वर्षाला इतकी पुस्तकं, असं लक्ष्य लावून घेऊ नका. मी एकदा २४ ठरवली आणि नकळत बारीक पुस्तकं निवडू लागले. जी पाचशे पानी कादंबरी मला खरोखर हवी होती, तिला हात लावला नाही. पुस्तक सोडून द्यायलाही भिऊ नका. फक्त पहिल्या दहा मिनिटांवरून निकाल देऊ नका, कारण तेव्हा कुठलंही पुस्तक कंटाळवाणं वाटतं. सलग तीन बैठकांत विसाव्या मिनिटालाही ठिपके दाटच असतील, तर ते पुस्तक आत्ता तुमचं नाही. परत करा, दुसरं आणा.

माझं वाचन दोनदा पुन्हा सुटलं आणि दोन्ही वेळा दोन पुस्तकांच्या मधल्या काळात. एक संपलं, पुढचं कुठलं ते ठरेना, आणि आठवडा गेला. तेव्हापासून हातातल्या पुस्तकाची ३० पानं उरली की मी पुढचं काढून ठेवते. ज्या दिवशी एक संपतं त्याच बैठकीत दुसऱ्याची पहिली पाच पानं वाचते, पट्टीवर दोन-तीन नावं लिहिते आणि खूण घालून मगच उठते.