निर्वासितांचं जगणं समजावणारं सिम्युलेशन: आधीची तयारी

सिम्युलेशन म्हणजे निर्वासित कुटुंबांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्यासाठी तीस जणांचा गट धरू. पाच-पाच जणांची 6 कुटुंबं, 8 स्वयंसेवक आणि अडीच तास. त्यातली 20 मिनिटं माहितीला, एक तास खेळाला आणि उरलेली 70 मिनिटं चर्चेला. उशीर झाला की आयोजक हमखास चर्चेलाच कात्री लावतात. त्यापेक्षा खेळातलं एखादं टेबल, म्हणजे नोंदणी किंवा मुलाखतीसारखा एखादा टप्पा, उडवा. चर्चा गेली तर माणसं फक्त हळहळून घरी जातात.

काय घडणार आहे ते आठवडाभर आधी लेखी कळवा. गोळीबाराचे आवाज, अंधार, बंदूकधारी पहारेकरी हे सगळं वगळा. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही, आणि गटात कुणी खरोखरच अशा प्रसंगातून आलेलं असू शकतं. प्रत्येकाच्या गळ्यात एक लाल कार्ड हवं. ते वर केलं की कारण न विचारता बाहेर. शेजारच्या खोलीत पाणी, खुर्च्या आणि एक स्वयंसेवक ठेवा. त्याला दुसरं कुठलंही काम सांगू नका.

सर्वात जास्त वेळ भूमिकांच्या कार्डांना द्या. नाव, वय, नाती, एक आजार किंवा अडचण, हाताशी असलेले पैसे आणि घर सोडण्याचं कारण, इतकंच लिहा. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या करारात छळाची पाच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व आणि राजकीय मत. चार कुटुंबं या व्याख्येत बसतील अशी रचा आणि दोन मुद्दाम काठावर ठेवा. उदाहरणार्थ, सततच्या दुष्काळाने गाव सोडलेलं कुटुंब. मुलाखतीच्या टेबलावर खरी घासाघीस तिथेच होते.

घर सोडताना काय उचलायचं यासाठी वस्तूंची 20 कार्डं द्या. त्यातली 10 निवडायला दोन मिनिटं. अन्न आणि कपडे सगळेच घेतात. जन्मदाखला आणि औषधाची चिठ्ठी मागे राहते, आणि नोंदणीच्या टेबलावर नेमकं तेच मागायचं असतं. अनोळखी लिपीतला फॉर्म देण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण त्याने नुसता हशा पिकतो. त्याऐवजी दोन कागदांवर एकाच माणसाच्या नावाचं स्पेलिंग वेगवेगळं ठेवा. टेबलावरच्या स्वयंसेवकांना बजावून ठेवा की आवाज चढवायचा नाही. फॉर्म हातात घ्यायचा, दोन्ही कागद शेजारी ठेवून बोटाने ओळ दाखवायची आणि शांतपणे म्हणायचं, ‘हे जुळत नाही, पुन्हा रांगेत या.’ दरडावणारा अधिकारी रंगवला की सगळा राग त्या एका माणसावर निघतो आणि व्यवस्था सुटून जाते.

पंधरा मिनिटं नुसती वाट पाहण्यासाठी राखा. मोबाइल आधीच जमा करून घ्या. ही रिकामी वेळ भरून काढायचा मोह तुम्हालाच होईल, आवरा.

छावणीसाठी मास्किंग टेपने जमीन आखा. ‘स्फिअर’च्या, म्हणजे आपत्तीतल्या मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांनुसार माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, म्हणजे कुटुंबाला 5 बाय 3.5 मीटर. सहा चौकोन आणि मधली वाट सभागृहात मावते का, हे आदल्या दिवशी टेप लावूनच तपासा. पाणी माणशी दिवसाला 15 लिटर, म्हणजे कुटुंबाचे 75. वीस लिटरच्या कॅनने चार खेपा. भरलेला कॅन 20 किलोंचा होतो, म्हणून खेळात पाव भागच भरा. झाकण घट्ट नसेल तर फरशी ओली होऊन कुणीतरी घसरतं.

छावणीवरच थांबू नका. जगातले बहुसंख्य निर्वासित छावण्यांबाहेर राहतात, म्हणून शेवटचं टेबल भाड्याच्या खोलीचं आणि परवान्याविना मिळणाऱ्या कामाचं असू द्या. तिसऱ्या देशातल्या (मायदेशही नाही आणि सध्या आसरा घेतलेला देशही नाही) पुनर्वसनासाठी पिशवीत 100 चिठ्ठ्या टाका, खूण एकीवरच. प्रत्यक्षात वर्षाला एक टक्काही निर्वासितांना ती संधी मिळत नाही. बहुधा कुणालाच खुणेची चिठ्ठी निघणार नाही. दया येऊन जास्तीच्या खुणा करू नका.

चर्चेच्या सुरुवातीला कार्डं काढून प्रत्येकाला स्वतःचं खरं नाव सांगायला लावा, मगच प्रश्न विचारा. निर्वासित म्हणून जगलेल्या व्यक्तीला बोलावणार असाल तर ते चर्चेसाठी, खेळातल्या पात्रासाठी नव्हे. मानधन आधी ठरवा. संहिता आणि प्रश्न आठवडाभर आधी त्यांच्याकडे पाठवा, आणि त्यांनी खोडलेला प्रश्न सभागृहातून आला तर सूत्रसंचालकानेच तो अडवायचा.