कुत्र्याची शेपटी लुळी पडली किंवा चेमटली, तर

शेपटी म्हणजे पाठीच्या कण्याचंच शेवटचं टोक. तिच्यात छोटे मणके, स्नायू आणि नसा असतात. त्यामुळे दारात चेमटलेली शेपटी आणि कुणीतरी जोरात ओढलेली शेपटी, या दोन अगदी वेगळ्या दुखापती. ओढल्यावर बुडाशी नसांना हिसका बसतो आणि लघवी-शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसाही तिथूनच निघतात. बाहेर ओरखडासुद्धा दिसत नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. लघवी तुंबली, थेंबथेंब गळायला लागली किंवा शी आपोआप पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मागचे पाय लटपटत असतील तरीही हेच.

हात लावण्याआधी जरा लांबून बघा. शेपटी बुडापासून चार बोटं आडवी राहून पुढे एकदम लोंबतेय, जखम कुठेच नाही आणि आदल्या दिवशी कुत्रा भरपूर पोहला, गार पाण्याने न्हाला किंवा प्रवासात पिंजऱ्यात तासन्‌तास बसला होता? मग बहुधा बुडाचे स्नायू आखडलेत. लॅब्रॅडॉर आणि पॉइंटर यांच्यात हे बरंच दिसतं. काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत शेपटी पूर्ववत होते. तोवर पळापळ आणि पोहणं बंद. तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच. हे दुखतं, आणि सूज उतरवणारं औषध लवकर सुरू केलं तर कुत्र्याला आराम पडतो. शिवाय गुदाजवळच्या ग्रंथी सुजल्या किंवा कंबर धरली, तरी कुत्रा शेपटी अशीच पाडून ठेवतो.

चाचपून बघायचं तर दोघं हवेत. एकाने कुत्र्याचं डोकं छातीशी घट्ट धरावं. गरीब कुत्राही दुखऱ्या जागी हात लागला की चावतो, म्हणून तोंड बांधा: मीटरभर गॉझपट्टीचा फास नाकाडावर ओढून घ्या, टोकं हनुवटीखाली फिरवा आणि कानांमागे सुरगाठ मारा, म्हणजे एका झटक्यात सुटेल. पगसारखं चपटं तोंड असेल, कुत्रा धापा टाकत असेल किंवा ओकत असेल, तर तोंड बांधूच नका. मग दोन बोटांनी बुडापासून टोकाकडे हलकेच जा. एकाच जागी बाक, फुगवटा किंवा कुत्रा कळवळण्याची जागा सापडली की थांबा. हाड मोडलंय का, हे एक्स-रेतच कळतं. शेपटी सरळ करायला ओढलीत तर नसा आणखी दुखावतील.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून बघितलं की धरलेली खपली निघते. रबरबँड किंवा दोरी बांधू नका, रक्तपुरवठा थांबून टोक सडतं. रक्त थांबल्यावर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून जखम धुवा. हळद भरू नका, आतली घाण झाकली जाते. नुसती सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. दुसऱ्या कुत्र्याने चावलं असेल तर हातमोजे घालून साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना रेबीजच्या लशीबद्दल विचारा, आधीची लस झालेली असली तरी.

घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

भिंतीवर शेपटी आपटून टोक फुटलं असेल, तर जखम चिवट असते, कारण कुत्रा आनंदला की ती पुन्हा उघडते. त्याला मोकळ्या जागेत ठेवा, चाटू नये म्हणून गळ्यात कोन (शंकूसारखी प्लास्टिकची कॉलर) घाला आणि पट्टी डॉक्टरांकडूनच बांधून घ्या. घरी बांधलेली पट्टी एकतर निसटते, नाहीतर आवळते. टोक गार किंवा काळपट लागलं की लगेच सोडा आणि दवाखाना गाठा. पावसाळ्यात तर जखम सकाळ-संध्याकाळ उघडून बघाच. माशी बसली की दिवसभरात अळ्या पडतात आणि त्यावर पेट्रोल किंवा फिनेल ओतलं तर मांस भाजून निघतं. अळ्या काढायचं काम डॉक्टरांचं.