टॅमॉक्सिफेनची गोळी रोज कशी घ्यावी

माझी टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी, गेल्या चवथीला संपली. पाच वर्षं, रोज २० मिलिग्रॅम. डिचोलीत नव्याने सुरू करणाऱ्या बायका घरी येऊन विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी बायोप्सीचा रिपोर्ट काढा आणि ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलंय का बघा. ईआर निगेटिव्ह असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पेशीच्या केंद्रकातला एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन. याच्या खोबणीत इस्ट्रोजेन बसलं की हा डीएनएला धरून वाढीची जनुकं चालू करतो. म्हापशाच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी गोळी ती खोबण धरते. शिवाय रिसेप्टरचा एक तुकडा असा सरकवते, की मदतनीस प्रथिनं त्याला चिकटूच शकत नाहीत. कॅन्सर वाढवणाऱ्या मिक नावाच्या दुसऱ्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरला अशी खोबणच नाही, म्हणून त्याच्यावर गोळी काढताना शास्त्रज्ञ घायकुतीला आलेत. त्या मानाने आपलं नशीब बरं म्हणायचं.

वेळ कुठलीही चालते, पण ठरलेली ठेवा. मी तुळशीकडे दिवा लावताना घ्यायची. स्ट्रिप तेलाच्या बाटलीला रबराने बांधलेली. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. हे औषध अंगातून सावकाश उतरतं.

अंगातून वाफा निघतात. मे महिन्यात गोळीच्या कुठल्या आणि गोव्याच्या कुठल्या, हे मला कधी कळलं नाही! त्या वाफांवर आणि उदासीवर एका डॉक्टरांनी मला पॅरॉक्सेटिन लिहून दिलं; दुसरं काय चालू आहे ते विचारलंच नाही. फार्मसीतल्या मुलीने दोन्ही कागद काउंटरवर शेजारी ठेवले आणि म्हणाली, ‘‘काकी, हे आज नेऊ नका.’’ यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम टॅमॉक्सिफेनपासून एंडॉक्सिफेन बनवतं, खरं जोरदार काम तेच करतं. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन हे एन्झाइमच अडवतात. तेव्हा कुठलंही नवं औषध घेण्याआधी टॅमॉक्सिफेनची स्ट्रिप समोर ठेवा.

पाळी चालू असेल तर गर्भ राहणार नाही याची काळजी घ्या, तीही हार्मोनच्या गोळ्यांनी नव्हे. गंमत म्हणजे १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये हे रसायन गर्भनिरोधक म्हणून बनवलं होतं. बायकांमध्ये ते उलट बीज सोडायला लावतं असं निघालं, आणि तो बेत बारगळला.

पाळी गेल्यावर डाग दिसला तर लाजून गप्प बसू नका, गर्भाशयाची तपासणी लगेच करून घ्या. रक्ताच्या गुठळ्यांचाही धोका असतो. रात्रीच्या बसने पुण्याला जाताना मी प्रत्येक थांब्यावर उतरून चालायची, कंडक्टर वैतागला तरी. एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर हळदीचा लेप लावत बसायचं नाही. गाडी काढायची आणि थेट बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल गाठायचं.

काहींना ही गोळी दहा वर्षं देतात. पाच संपली म्हणून आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. मी विचारलं होतं.