तीन डावी वळणं: प्रवासातली प्रेमकथा कशी लिहावी

लोकांच्या पटकथा वाचून त्यातलं काय चालतंय, काय नाही ते सांगणं हे माझं काम. दोन वल्ली, एक गाडी आणि वाटेत जुळणारं प्रेम, या जातीच्या संहिता माझ्याकडे ढिगाने येतात. बहुतेकींमध्ये फार पुढे जायच्या आतच टायर फुटतो आणि दोघांना रात्र एका ठिकाणी काढावी लागते. हे टायर फुटणं आधी बंद करा. गाडी थांबायलाच हवी, कारण प्रवासाच्या सिनेमातलं महत्त्वाचं सगळं थांब्यावर घडतं. पण ती या दोघांपैकी कुणाच्या तरी स्वभावामुळे थांबली पाहिजे.

म्हणून सुरुवात रस्त्यापासून नको, खोडीपासून करा. तो वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालतो आणि ती झाडांशी गप्पा मारते, ही खोड नव्हे, नुसती वेशभूषा झाली. खोड ओळखायची खूण सोपी आहे: तिच्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाचं काही नुकसान होतं का? वेळ, पैसा, झोप, अब्रू, काहीही चालेल.

समजा, त्याला उजवीकडे वळता येत नाही. डावीकडून गाडी चालवायची म्हटली की उजवं वळण म्हणजे समोरून येणारी रहदारी छेदणं, आणि तिथे त्याचे हातपाय गळतात. मग तो चौक सरळ ओलांडतो, पुढे एकामागून एक तीन डावी वळणं घेतो आणि त्याच चौकात हव्या त्या दिशेला तोंड करून परत येतो. ती वाद्यं सुरात लावणारी. गाडीत कुठेही बारीकशी खडखड झाली की तिला पुढचं काही सुचत नाही. आवाज सापडेपर्यंत गाडी उभी. आता या दोघांना मुदतीत कुठेतरी पोचायचंय असं ठरवा. थांबे आपोआप सुचायला लागतील.

खोड का लागली, ते सांगायचा मोह आवरा. अपघाताच्या आठवणीचा फ्लॅशबॅक आला की विनोद मेलाच.

पुढचा प्रश्न निर्मातासुद्धा विचारतो: पटत नाही तर हे दोघं वेगळे का होत नाहीत? ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) हा फ्रँक काप्राचा सिनेमा याच प्रश्नासाठी पाहावा. वडिलांपासून पळालेल्या श्रीमंत मुलीला न्यूयॉर्कला नवऱ्याकडे पोचायचंय. नोकरी गेलेल्या बातमीदाराला तिची बातमी हवी आहे. तो तिला पोचवायला मदत करणार आणि बदल्यात बातमी त्याला मिळणार. नाही म्हटलं तर तो तिच्या वडिलांना कळवणार. दोघांचा स्वार्थ एकमेकांत अडकवला की मग भांडायला मोकळीक. त्याच सिनेमात एका खोलीत राहायची वेळ येते तेव्हा दोन पलंगांमध्ये दोरी बांधून तिच्यावर ब्लँकेट टाकलेलं आहे. एकही रोमँटिक वाक्य न बोलता त्या ब्लँकेटने किती काम केलंय, ते मोजा. या सिनेमाला चित्रपट, दिग्दर्शन, नायक, नायिका आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर मिळाली. विनोदी सिनेमाला लोक हलकं समजतात म्हणून मुद्दाम सांगते.

गाडीतले प्रसंग लिहिताना हात आखडता घ्या. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. चार पानं नुसतं गाडीत बोलणं म्हणजे चार मिनिटं दोन डोकी आणि एक काच. शिवाय चालत्या गाडीतलं शूटिंग कटकटीचं: बरेचदा गाडी ट्रेलरवर चढवून ओढावी लागते आणि नट नुसतं स्टिअरिंग हलवतो. चुकलं की अख्खा लवाजमा मागे वळवायचा.

तरी गाडीची एक गंमत वाया घालवू नका. तिथे दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, समोर बघतात. समोरासमोर बसून जे जिभेवर येणार नाही, ते रस्त्याकडे बघत सहज निघून जातं. तेव्हा कबुली गाडीत आणि तिचे परिणाम थांब्यावर, अशी वाटणी मला फार सोयीची वाटते. आरशातून चोरून बघणं मात्र एकदाच. दुसऱ्यांदा आलं की मी लाल पेनने काट मारते.

आता प्रेम नेमकं कुठे दिसतं? नवखा लेखक इथे नायकाला उजवीकडे वळवतो. प्रेमाने खोड घालवली, टाळ्या. माझा याला ठाम विरोध आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि या सिनेमात तर ती जाऊच नये. उलट ती दुसऱ्याला लागू द्या. शेवटाकडे भांडण होऊन दोघं वेगळे झालेत, ती एकटी गाडी चालवतेय, उजवीकडे जायचंय, रस्ता मोकळा आहे. आणि ती न कळत सरळ पुढे जाऊन तीन डावी वळणं घेते. तिसऱ्या वळणावर तिला कळतं आपण काय करतोय, आणि ती स्वतःवरच वैतागते. तो तिकडे दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसून डॅशबोर्डला कान लावतोय, एवढं दाखवलं की झालं. ‘मला तुझी सवय झालीय’ हे वाक्य लिहिलं असेल तर आता खोडून टाका.

मुक्कामाचं ठिकाण फार रंगवू नका. ज्यासाठी एवढी धावपळ केली ते तिथे पोचल्यावर किरकोळ निघालं तर उत्तम.

खर्डा झाला की दोन खुर्च्या शेजारी-शेजारी, समोर तोंड करून मांडा आणि दोघांना बसवून गाडीतले सगळे संवाद मोठ्याने वाचायला लावा. एकमेकांकडे बघायचं नाही, एवढीच अट. ज्या वाक्याला वाचणाऱ्याची मान आपोआप वळेल तिथे खूण करा. तो प्रसंग गाडीबाहेर काढायचाय.