खेळांचा एकत्रित ओटीटी पॅक घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे

दरवर्षी मार्च उजाडला की ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो: यंदा सामने पाहायला कोणता पॅक घेतला? एकत्रित ओटीटी पॅक म्हणजे इंटरनेटवरून सामने, मालिका व चित्रपट दाखवणाऱ्या अनेक ॲपची मिळून एकच वर्गणी. उत्तर देणारा अभिमानाने ॲपची संख्या सांगतो, ऐकणारा मान डोलावतो आणि रात्री जेवणानंतर तोच पॅक घेऊन मोकळा होतो. ॲपची संख्या हा पॅक निवडण्याचा सर्वांत निरुपयोगी निकष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गेली काही वर्षे मी हा हिशेब स्वतःच्या घरासाठी, कळव्याला राहणाऱ्या सासऱ्यांसाठी आणि आमच्या मजल्यावरील निम्म्या शेजाऱ्यांसाठी करून दिला आहे. वही, मोबाईल व इंटरनेटची जुनी बिले आणि एक निवांत तास एवढे त्याला पुरते.

पायरी १ : गेल्या वर्षी प्रत्यक्षात काय पाहिले, ते लिहा

आवडते काय ते लिहू नये; बसून पाहिले काय ते लिहावे. ज्या सामन्याचा केवळ धावफलक मोबाईलवर पाहिला, तो या यादीत येत नाही. प्रत्येक खेळापुढे त्याची भारतीय वेळही लिहावी, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. युरोपातील फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचे मुख्य सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू होतात आणि मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी पहाटे पाच वाजता. मी ऐरोलीला नोकरीला आहे आणि सकाळची ट्रान्स-हार्बर लोकल माझ्यासाठी थांबत नाही. एका पूर्ण हंगामात मी चॅम्पियन्स लीगचे दोन सामने पाहिले, त्यांपैकी एक सोफ्यावर झोपून. याउलट इंग्लंडमधील कसोटी दुपारी साडेतीनला सुरू होते आणि युरोपातील बहुतेक फॉर्म्युला वन शर्यती रविवारी संध्याकाळी साडेसहाला. या कसोट्या आणि शर्यती घरातील माणसे खरोखर पाहतात.

पायरी २ : कोणता खेळ कुठे दिसतो, ते शोधा

यादीतील प्रत्येक खेळापुढे दोन रकाने आखावेत, एक टीव्हीवरील वाहिनीचा आणि दुसरा ॲपचा, कारण या दोन्हींचे हक्क एकाच कंपनीकडे असतात हे गृहीत धरणे चुकीचे आहे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या काळाचे हक्क विकले गेले, तेव्हा भारतातील टीव्हीचे हक्क स्टारकडे आणि डिजिटल हक्क व्हायाकॉम १८ कडे गेले होते. पुढे या दोन्ही कंपन्यांचे व्यवसाय एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार हे एकच ॲप उरले. त्याच वर्षी भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात मात्र कसोट्या टीव्हीवर सोनीच्या वाहिन्यांवर आणि मोबाईलवर जिओहॉटस्टारवर दिसत होत्या. आशिया चषकाचे हक्क सोनीकडे आहेत, तर फॉर्म्युला वनचे थेट प्रक्षेपण २०२४ मध्ये फॅनकोड या ॲपकडे गेले. हे हक्क काही वर्षांच्या मुदतीने विकले जातात, म्हणून दोन वर्षांपूर्वीची यादी वापरू नये.

यादीत महिलांचे क्रिकेट विसरू नये. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या घरात या यादीची सुरुवात माझी मुलगी करते.

पायरी ३ : घरात आधीपासून काय आहे आणि ते नेमके कुठे चालते, ते तपासा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. एका अंतिम सामन्याच्या संध्याकाळी मी दोन शेजारी कुटुंबांना घरी बोलावले होते. रिचार्जसोबत खेळांचे ॲप मिळालेले आहे, त्यामुळे वेगळा खर्च करायची गरज नाही, असे मी आठवडाभर सर्वांना सांगत होतो. नाणेफेक झाली, टीव्हीवर ॲप उघडले आणि पडद्यावर सूचना आली की ही वर्गणी केवळ मोबाईलसाठी आहे. मोबाईलवरून टीव्हीवर कास्ट करून पाहिले, तेही अडवलेले होते. शेवटी अकरा माणसे सहा इंचांच्या पडद्याभोवती बसली आणि पहिला डाव संपेपर्यंत मी घाईघाईने त्याच ॲपची दुसरी, महागडी वर्गणी भरली होती. त्या दिवसापासून ‘रिचार्जमध्ये फुकट आहे’ हे वाक्य मी पुरावा पाहिल्याशिवाय मान्य करत नाही.

तपासायची पहिली गोष्ट म्हणजे पडदा. रिचार्जसोबत येणारी वर्गणी बहुतेक वेळा फक्त मोबाईलसाठीची आणि एका वेळी एकाच उपकरणावर चालणारी असते. जो माणूस संध्याकाळी साडेसातचा सामना लोकलमध्ये उभ्याने पाहतो, त्याला ती पुरेशी आहे आणि त्याने आणखी एक रुपयाही खर्च करू नये. ज्याला घरी सहकुटुंब पाहायचे आहे, त्याने ती वर्गणी आपल्याकडे नाहीच असे समजून पुढचा हिशेब करावा. ग्राहक सेवा केंद्राला ‘हे ॲप पॅकमध्ये आहे का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. ‘थेट सामना माझ्या टीव्हीवर दिसेल का आणि एका वेळी किती ठिकाणी दिसेल’ असे विचारावे, तेही शक्यतो चॅटवर, म्हणजे उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रमांक. वर्गणी ज्या मोबाईल क्रमांकाशी जोडलेली असते, त्याच क्रमांकावर ओटीपी जातो. आमच्या भागात भाड्याच्या घरांमध्ये ब्रॉडबँडची जोडणी घरमालकाच्या किंवा आधीच्या भाडेकरूच्या नावावर राहून गेलेली असते आणि मग सामना सुरू होताना ओटीपी पुण्यातल्या कोणाच्या तरी फोनवर वाजत असतो. नोंदणीकृत क्रमांक आधी बदलून घ्यावा. त्याला काही दिवस लागू शकतात.

तिसरी गोष्ट मुदतीची आहे आणि ती सर्वांत फसवी आहे. मोजणी रिचार्जच्या दिवसापासून होते, पहिल्या सामन्यापासून नव्हे. १ मार्चला केलेला ८४ दिवसांचा रिचार्ज २३ मे रोजी संपतो. २०२५ ची आयपीएल मध्येच आठवडाभर थांबली आणि अंतिम सामना ३ जूनला झाला. पण मूळ वेळापत्रकाप्रमाणे तो २५ मे रोजी असता, तरीही हा रिचार्ज दोन दिवस आधीच संपला असता. ‘९० दिवसांची वर्गणी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले, तरी मधला रिचार्ज चुकल्यास ती बंद होते का, हे खाली बारीक अक्षरांत वाचावे.

चौथी गोष्ट, अनेक ॲप एकत्र देणारे पॅक. टाटा प्ले बिंज, एअरटेल एक्स्ट्रीम प्ले, ओटीटीप्ले ही त्यांची परिचित नावे आहेत. अशा पॅकमध्ये सामना मूळ ॲपमध्ये दिसेल की एकत्रित ॲपच्या आतच पाहावा लागेल, आणि ते ॲप आपल्या टीव्हीवर चालते का, हे आधीच विचारून घ्यावे. माझा नियम पक्का आहे: पॅक चालू केल्यावर पहिल्याच दिवशी एखादा थेट सामना, मग तो कोणताही असो, टीव्हीवर दहा मिनिटे लावून पाहावा. जुन्या सामन्याचे क्षणचित्र लागले म्हणून थेट सामना लागेलच असे नाही.

पायरी ४ : संध्याकाळींनी भागाकार करा

जिओहॉटस्टार सुरू झाले, तेव्हा त्याचे वार्षिक दर ४९९, ८९९ आणि १,४९९ रुपये होते आणि त्यांत अनुक्रमे एक, दोन आणि चार उपकरणांची सोय होती. सर्वांत महागड्या वर्गणीत जाहिराती नसतात, असे ऐकून अनेकजण ती घेतात. परंतु ती सवलत थेट सामन्यांना लागू नव्हती. केवळ क्रिकेटसाठी १,४९९ रुपये भरणाऱ्याला षटकांमधल्या जाहिराती तेवढ्याच पाहाव्या लागत होत्या. दर बदलत राहतात, पण ही अट प्रत्येक ॲपमध्ये जरूर पाहावी.

समजा, त्यांपैकी ८९९ रुपयांच्या वर्गणीत तुम्ही वर्षाला चाळीस संध्याकाळी पाहता, म्हणजे एका संध्याकाळचे साधारण साडेबावीस रुपये पडतात. आता दरमहा ३०० रुपयांचा एकत्रित पॅक समोर आला, तर वर्षाचे ३,६०० रुपये होतात. त्यातील इतर ॲपमुळे तुमच्या यादीत सहाच संध्याकाळी वाढत असतील, तर वाढीव २,७०१ रुपयांना सहाने भागावे. एका संध्याकाळचे साडेचारशे रुपये! २०२५ च्या महिला विश्वचषकातील साखळी सामन्यांची तिकिटे शंभर रुपयांपासून मिळत होती आणि ठाण्याहून नेरुळला थेट लोकल जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

म्हणून फक्त क्रिकेट पाहणाऱ्या घराने एकत्रित पॅक घेऊ नये. ज्या घरात एकाला क्रिकेट, दुसऱ्याला फुटबॉल आणि तिसऱ्याला फॉर्म्युला वन खरोखर पाहायचे असते, आणि शिवाय त्याच ॲपवर मालिका व चित्रपट पाहिले जातात, तिथे टीव्हीवर चालणारा पॅक, विशेषतः ब्रॉडबँडच्या बिलात मिळणारा, निश्चित परवडतो. वर्षातून तीनचारच शर्यती पाहणाऱ्याने फॅनकोडसारख्या ठिकाणी मिळणारा सुटा पास घ्यावा.

पायरी ५ : केबलचा पर्याय विसरू नका

घरात सेट-टॉप बॉक्स चालू असेल, तर क्रीडावाहिनी सुटी घेता येते. जी वाहिनी इतर वाहिन्यांसोबत गठ्ठ्यात द्यायची आहे, तिची सुटी किंमत महिना १९ रुपयांपेक्षा अधिक ठेवता येत नाही, असा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचा नियम २०२२ च्या दुरुस्तीने आला. अशा एका वाहिनीचा दोन महिन्यांचा खर्च करासह पंचेचाळीस रुपयांच्या आत बसतो. केबलवाल्याला फोन करून हंगामापुरती वाहिनी सुरू करावी आणि नंतर बंद करावी. यात आणखी एक सुख आहे. ॲपवरील प्रक्षेपण केबलच्या मागे असते, त्यामुळे समोरच्या विंगमध्ये जल्लोष झाल्यावर आपल्याकडे गोलंदाज धावायला सुरुवात करतो, आणि मुंबई इंडियन्सच्या सामन्यात तर हे असह्य होते. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय व टी-२० सामने प्रक्षेपण दूरदर्शनला देणे बंधनकारक करणाऱ्या २००७ च्या कायद्यामुळे दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशवरही दिसतात, परंतु खासगी केबलवर ते प्रक्षेपण मिळत नाही.

पायरी ६ : पैसे भरा आणि ऑटोपे बंद करा

पहिली खेप शक्यतो एका महिन्याची घ्यावी. पैसे भरल्यानंतर त्याच बैठकीत यूपीआय ॲपमधील ऑटोपेची मंजुरी रद्द करावी. भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा सहसा चालूच राहते. स्वयंचलित वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो संदेश जाहिरातींच्या ढिगात येतो आणि वाचला जात नाही. कार्डाने पैसे भरले असतील, तर ही मंजुरी बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर शोधावी लागते.