चौथा महिना लागला की दात दाखवा

धाकट्या जावेला दिवस गेलेत. तिने माझ्याकडे दवाखान्याच्या बॅगेची यादी मागितली. म्हटलं, बॅग काय, आठव्यात भरशील, आधी दातांचं बघ. पहिल्या खेपेला मी सोनोग्राफीच्या तारखा, लोहाच्या गोळ्या, शुगरचे रिपोर्ट सगळं फायलीत लावून ठेवलं होतं. दात तेवढे राहिले. आठव्या महिन्यात रात्री दोन वाजता खालची दाढ अशी ठणकायला लागली की सकाळी नवऱ्याने रिक्षात बसवून नौपाड्यातल्या दातांच्या दवाखान्यात नेईपर्यंत मी ओढणी गालाला दाबून बसले होते.

म्हणून पहिली गोष्ट: चौथा महिना लागला की दाताच्या डॉक्टरची वेळ घ्यायची. काही दुखत नसलं तरी घ्यायची. बाळाचा विचार चालू असतानाच दाखवून घेतलं तर आणखी उत्तम, पण निदान चौथा-पाचवा चुकवू नका. तोवर उलट्या बहुधा ओसरतात आणि पोट आड येत नाही, खुर्चीत अर्धा तास उताणं पडता येतं. मला आठव्यात पाच मिनिटांत घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटाचा भार कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, त्याने असं होतं. डॉक्टरीणबाईंनी उजव्या कुशीखाली टॉवेलची गुंडाळी सारून मला डावीकडे कलतं केलं तेव्हा जीव थाऱ्यावर आला. रूट कॅनाल मात्र अर्धंच झालं. हीच दाढ चौथ्या महिन्यात आरशात नुसती काळी दिसत होती. तेव्हा साधं सिमेंट भरून भागलं असतं.

जाताना फाइल न्या, कितवा महिना आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते आल्या आल्या सांगा. घरचे एक्स-रेच्या नावाने घाबरवतील. गरज असेल तर शिशाचा एप्रन घालून काढतात, दाढ बधिर करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शनही चालतं. चालत नाही ते कपाटातलं औषध. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, ते आपल्या मनाने घ्यायचं नाही, विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून. टेट्रासायक्लिनच्या जातीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात.

ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची, दिवसातून दोनदा. हे काय सांगायचं.

हिरड्यांतून रक्त येईल. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं, दातांच्या कडेला साचलेल्या थोड्याशा किटणानेही हिरडी चिडते, सुजते. बेसिनमध्ये गुलाबी पाणी बघून मी घाबरले आणि त्या बाजूला घासायचंच सोडलं. मूर्खपणा. जिथून रक्त येतं तिथेच हलक्या हाताने, पण नीट घासायचं. हिरडीवर लालभडक गाठ आली तर ती बहुतेक वेळा बाळंतपणानंतर जिरते. तरी दाखवा.

उलट्यांचं नीट ऐका. मी ठाणे-वाशी लोकलने रबाळ्याला जायचे, ऐरोलीपर्यंत झेपेल असं वाटायचं आणि दिघ्यालाच पिशवी बाहेर निघायची. ऑफिसला पोचले की तोंडाला वास नको म्हणून आधी ब्रश. तेच चुकत होतं. पोटातल्या आम्लाने दाताचं वरचं कवच मऊ पडलेलं असतं, त्यावर लगेच ब्रश फिरवला की ते झिजतं. पर्समध्ये छोटी बाटली ठेवा, पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा. उलटी झाली की त्याने चूळ भरायची आणि थुंकायची. ब्रश तासाभराने.

‘एका बाळंतपणाला एक दात जातोच,’ असं सासूबाई म्हणतात. बाळ दातांतलं कॅल्शियम ओढत नाही. ते आईच्या जेवणातून घेतं, कमी पडलं तर हाडांतून. दात जातो तो उलट्यांनी, येताजाता गोड तोंडात टाकल्याने आणि चौथ्या महिन्यात डॉक्टरकडे न गेल्याने. मशेरी लावत असाल तर आजच बंद. भाजलेली असली तरी तंबाखूच ती, निकोटीन हिरडीतून रक्तात जातं.

आणि गेलात का? डोहाळजेवणाचा हॉल दोन महिने आधी बुक करता, फुलांचे दागिने ठरवता, मग हा एक फोन का राहतो? माझाही असाच ‘पुढच्या आठवड्यात’ करत राहिला.

सातव्यात पेढे येतील, खा आणि चूळ भरा. आठव्या-नवव्यात दुखलं तर महिने मोजत बसू नका, सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जा, उपचार कोणत्याही महिन्यात होतात. फक्त खुर्चीत माझ्यासारखे हाल होतात. बॅगेत ब्रश टाका. नंतर डिंकाचे लाडू दाताला चिकटतात, तिथेही चूळ. बाळ वरचं खायला लागलं की त्याचा चमचा आपल्या तोंडात घालून चव बघू नका, आपल्या किडीचे जंतू त्याला जातात. रूट कॅनाल अर्धं राहिलं असेल तर बाळंतपणानंतर लवकर पुरं करा. माझं बाळ अकरा महिन्यांचं झालं तेव्हा झालं, तेही त्याला बाहेरच्या बाकावर आजीच्या मांडीवर रडत ठेवून.