गुडघा बदलल्यावर दुखणं आवरताना या चुका टाळा

ऑपरेशन संपत आलं की सर्जन सांध्याच्या मागच्या आवरणात, स्नायूंत आणि कातडीखाली जागा बधिर करणारं औषध टोचतात. बहुतेकदा रोपिव्हॅकेन किंवा बुपिव्हॅकेन, सोबत असर टिकवायला थोडं अ‍ॅड्रेनालिन आणि किडनी ठीक असेल तर किटोरोलॅक हे दुखणं-सूज कमी करणारं औषध. असर साधारण अर्धा दिवस, फार तर एक दिवस. हे गणित साधं आहे, तरी वॉर्डात रोज चुकतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखत नाही म्हणून गोळी न घेणं. चित्र ठरलेलं असतं. भंडाऱ्याहून किंवा वर्ध्याहून आणलेल्या काकू, सकाळी अकराला ऑपरेशन. संध्याकाळी त्या चहा पीत सांगतात, "मले तं काहीच दुखून नाही राह्यलं!" मुलगा खूश होतो आणि सहाची गोळी ड्रॉवरमध्ये जाते, रात्रीचीही. रात्री दोनच्या सुमारास ऑपरेशनमध्ये टोचलेल्या औषधाचा असर उतरतो आणि अंगात दुसरं काहीच नसतं. मग ट्रामाडॉल या जोरदार वेदनाशामकाचं इंजेक्शन, त्याने उलट्या, सकाळी फिजिओथेरपिस्ट दारातून परत. गोळी दुखण्यासाठी नसते हो, दुखू नये म्हणून असते. पहिले दोन-तीन दिवस घड्याळ बघून द्या, रुग्णाचं तोंड बघून नाही. रात्री दहाची गोळी चुकवू नका, झोप मोडावी लागली तरी चालेल.

दुसरी चूक ऑपरेशनच्या आधीची: वजन अंदाजे सांगणं. "असंन साठ-पासष्ट" चालत नाही. रोपिव्हॅकेनची मर्यादा साधारण किलोमागे 3 मिलिग्रॅम धरतात. खरं वजन 50 किलो असेल तर 150 मिलिग्रॅम, म्हणजे 0.2 टक्क्याचं 75 मिली. 65 सांगितलं तर हाच आकडा जवळपास 98 मिलीवर जातो. मांडीत वेगळा ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिला असेल तर तेही औषध याच हिशेबात धरावं लागतं. म्हणून काट्यावर उभं करा. औषध जास्त झाल्याच्या खुणा, म्हणजे ओठांना मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण किंवा भोवळ जाणवली तर ताबडतोब सिस्टरला सांगा. "थकवा असंन" म्हणून थांबू नका.

किडनीचा त्रास, अल्सर, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे न विचारताही सांगा. मे महिन्यात नागपूर 45 अंशांपर्यंत जातं. पाणी कमी आणि वरून दुखण्याच्या गोळ्या, यात किडनी भरडते.

डॉक्टरांनी दिलेल्या जोडगोळीत (दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत) बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं. त्यावर ताप आला म्हणून मेडिकलमधून पॅरासिटामॉलचीच 650 मिलिग्रॅमची गोळी आणू नका. दिवसाचं एकूण पॅरासिटामॉल 4 ग्रॅमच्या आत, वजन 50 किलोच्या खाली असेल तर आणखी कमी.

गुडघ्याखाली उशी नको, टाचेखाली ठेवा. वाकलेला गुडघा मग सरळ व्हायला रडवतो. गरम शेक अजिबात नाही. बर्फ कपड्यात गुंडाळून 15-20 मिनिटं, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. तेल-मालिशवाल्याला घरात घेऊ नका. पाऊल वर उचलता येत नसेल तर "सुईमुळे असंन" असं स्वतःच ठरवू नका, लगेच दाखवा.

आणि दुखणं कमी होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वाढलं, सोबत ताप, जखमेतून पाणी किंवा पोटरीला सूज असेल तर गोळी वाढवून दाबू नका. त्याच दिवशी सर्जनकडे जा.